पाडव्यापर्यंतची उचल

मला अक्षरओळख पत्रकांनी करून दिली. वडील चळवळीतले. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, पण दुकानात ट्यूबांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. कधी कांद्याच्या भावाबद्दल, कधी दुष्काळी कामाच्या मजुरीबद्दल, कधी ऊसतोड मजुरांबद्दल. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. ती डब्यांखाली फळीवर अंथरली जायची, माझ्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं असायची. शाळेतला धडा वाचताना अडखळणारी मी 'घामाचे दाम मिळालेच पाहिजेत' हे मात्र एका दमात वाचायचे.

भिंतीवर लावायच्या पोस्टरांसाठी आई खळ शिजवायची. गव्हाच्या पिठाची, चुलीवर, गाठी होऊ नयेत म्हणून सारखी ढवळत. "या घरातलं निम्मं पीठ भिंतींनी खाल्लं," असं ती म्हणायची. वडील हसायचे. मीही हसायचे. तिच्या ढवळण्याबद्दल कुठल्याच पत्रकात काही नव्हतं, हे मला तेव्हा खटकलं नाही.

वडील गेल्यावर पत्रकांचं वेड माझ्याकडे आलं. मी केडगावात खोली घेऊन राहते आणि तिथल्याच एका छोट्या छापखान्यात संगणकावर पानं लावते. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. कापून उरलेल्या कागदावर मालक माझी पत्रकं छापू देतो. वर म्हणतो, "तुझ्या क्रांतीला फक्त शाईचा खर्च."

मागच्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पिकअप चालवतो. कांदा, भाजीपाला घेऊन आज इथे तर उद्या तिथे. मी केडगावात. राहिली वहिनी. आईला कुणी सांभाळायचं याची घरात चर्चाच झाली नाही. दवाखान्यातून आणलेल्या पिशव्या वहिनीने उतरवून घेतल्या, आणि त्याबरोबर आईलाही. 

वहिनी शेवगावकडची. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दसऱ्याच्या आधी मुकादम कोयत्यामागे आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. ती एकदा घेतली की फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. घरी मूल आजारी असो की मयत होवो. या उचलीवर माझ्या वडिलांचं पत्रक होतं आणि मोठी झाल्यावर माझंही. 'उचल ही साखळी आहे', असा मथळा मीच दिला होता, चांगल्या ठसठशीत अक्षरांत.

आमच्या गावात आल्यावर वहिनी बायकांच्या टोळीबरोबर कांद्याच्या लागणीला, खुरपायला जायची. संध्याकाळी रोख पैसे घेऊन यायची. तिचं हसणं वेशीपासून ऐकू यायचं. आईच्या आजारपणानंतर ते सगळं बंद झालं. एकदा मी तिला म्हणाले, "वहिनी, तुमची मजुरी बुडते त्याचं काय?" ती आईच्या तोंडाला लागलेली पेज पुसत होती. म्हणाली, "बुडती खरी. कुनाला सांगू? आत्याबाईंना?" आणि आईकडे बघून तिने डोळा मारला. आईचं अर्धं तोंड हसलं.

मी मात्र पेटले. सरकारी कचेरीत जाऊन चौकशी केली. आजारी माणसाच्या नावाने काही ना काही मिळण्यासारखं होतं. सांभाळणाऱ्या माणसाच्या नावाने काहीच नव्हतं. खिडकीतला माणूस चांगला होता बिचारा, त्याने दोनदा विचारलं, "पेशंट तुमी का?" मी म्हटलं, पेशंटला सांभाळणारी माझी वहिनी. तो म्हणाला, "मग त्या सून झाल्या ना." त्याच्या लेखी तिथेच विषय संपला होता.

त्या आठवड्यात मी 'सांभाळणं हेही कामच आहे' असं पत्रक लिहिलं आणि पारनेरच्या बाजारात वाटलं. घरातल्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्या बाईला सरकारने दरमहा मानधन द्यावं, ते तिच्या स्वतःच्या खात्यात द्यावं, तिचा मान राखावा. लोकांनी घेतलं, कुणी त्यात भजी बांधून नेली. एक पत्रक मी घरीही ठेवलं. वहिनीने वाचलं, घडी घातली आणि आईच्या औषधांच्या डब्याखाली ठेवून दिलं.

सरकार देईल तेव्हा देईल, आपल्या घरात आपण सुरुवात करावी, असं माझ्या मनाने घेतलं. छापखान्यात आमची भिशी होती. दसऱ्याच्या महिनाभर आधी माझा नंबर लागला. सगळी रक्कम घेऊन मी गावी गेले. मुद्दाम रोख नेली, कारण वहिनीच्या बँकखात्याला दादाचा मोबाईल जोडलेला होता. ओसरीवर दादा बसला होता, शेजारची काकू आली होती. चारचौघांत द्यायचे, असंही मी ठरवलं होतं. गुपचूप दिलं की उपकार होतात, असं माझं म्हणणं.

"वहिनी, हे तुमचे," मी म्हणाले. "घरखर्चाचे नाहीत, दादाचे नाहीत. आईचं करता, त्याचे."

तिने नोटांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"समदे एकदम?"

"एकदम."

"अन् कुठवर?"

कुठवर म्हणजे काय, याचा मी विचार केला नव्हता. तिनेच सुचवलं, "पाडव्यापर्यंत का?"

"हो, पाडव्यापर्यंत धरा," मी म्हणाले. मला ती बोलायला सोपी तारीख वाटली. ऊसतोडीचा हंगामही साधारण पाडव्यालाच संपतो, हे उचलीवर पत्रक लिहिणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

वहिनीने नोटा कपाळाला लावल्या. सौदा ठरल्यावर हलवतात तशी एकदाच मान हलवली. दादा म्हणाला, "आयला, बायकूला पगार! मी बी घरी बसू का मग?" काकू पदरात तोंड घालून हसली. मी दादाला तिथल्या तिथे सुनावलं, की घरी बसणं कशाला म्हणतात ते एक दिवस आईपाशी बसून बघ. परतीच्या एसटीत मी फार खूश होते. तिने पैशांचं काय केलं ते मी पुढे कधी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचाही मला अभिमान होता.

त्याआधी मी दर आठवड्याला गावी जायचे. आईचे केस विंचरायचे, नखं काढायचे, तेवढ्यात वहिनी विहिरीवर जाऊन गोधड्या धुवून यायची. पैसे दिल्यावर माझं जाणं कमी झालं. ठरवून नाही. छापखान्यात काम असायचं, कुठे सभा असायची. आठवड्याचे पंधरा दिवस झाले, पंधरा दिवसांचा महिना झाला. मनाला पूर्वी टोचायचं तसं टोचत नव्हतं. दादाही पूर्वी रात्री आईला कुशीवर वळवायला हात लावायचा, तो आता जेवून सरळ मोबाईल घेऊन बसायचा. हे मला वहिनीकडून नंतर कळलं.

संक्रांतीला मी घरी गेले. वहिनीने तीळगूळ दिला, "गोड बोला वन्सं," म्हणाली. आईच्या पांघरुणाला वास येत होता. मी तिला वळवून बघितलं, तर माकडहाडाजवळ कातडी लाल होऊन सोलली होती. माझा जीव तुटला, आणि त्याचा राग वहिनीवर निघाला.

"वहिनी, आता तरी लक्ष द्या."

तिने माझ्याकडे बघितलं. तीळगुळाची वाटी तिच्या हातातच होती. "देते," म्हणाली आणि मलम आणायला आत गेली.

'आता तरी.' दोनच शब्द. त्यांच्या आधी आणि नंतर काय काय गृहीत धरलं होतं, ते तिला बरोबर ऐकू गेलं. मलाच गेलं नाही.

संक्रांतीनंतर काही दिवसांनी दुपारी छापखान्यात मला फोन आला. अनोळखी नंबर. मागे माणसांचा, ट्रॅक्टरचा आवाज.

"ताई, मी तुमच्या वैनीचा भाऊ. कोल्हापूरकडं उसाच्या फडात हाय."

"बोला ना."

"ताई, आई पडली. शेळ्यांना पानी पाजाया गेल्ती, घसारली. खुब्याचं हाड गेलं. ऑप्रेशन झालं, घरी आनली. भावकीतली एक म्हातारी भाकर देती, पन उठवाया-बसवाया कोन न्हाई. मी अन् मालकीन दोगं बी हितं. मुकादमाला लई इनवनी केली. तो म्हनतो, कोयता मोडायचा तर उचल आत्ता हितं टाका." मग तो आवाज बारीक करून म्हणाला, "तुमी तरी बहिनीला सोडता का? पंधरा दिस. तुमची उचल पाडव्यापर्यंतची हाय, म्हाईत हाय मला. सीझन सपला का मी फेडतो. लिहून देतो पायजे तर."

माझ्यासमोर पडद्यावर एक लग्नपत्रिका होती, गणपतीचं चित्र अजून बसवायचं होतं.

"माझी कसली उचल?" मी म्हणाले.

"नाराज नका हू, ताई. ती सवताच्या तोंडानं न्हाई मागायची. मला बी नगं म्हनली हुती फोन करू."

"आई कधी पडली?"

"संक्रातीच्या आधी."

म्हणजे मी तीळगूळ खाल्ला तेव्हा तिची आई पडलेली होती. मी 'आता तरी' म्हणाले तेव्हाही.

मालकाला काहीतरी सांगून मी निघाले. केडगावहून सुप्याची गाडी, तिथून दुसरी. खिडकीबाहेर कांद्याची हिरवी वावरं जात होती. वाकलेल्या बायका दिसत होत्या आणि मी मनात भाषण तयार करत होते. गैरसमज झाला आहे, मी समजावून सांगेन, ती हसेल. गाडीतून उतरेपर्यंत माझं भाषण पाठ झालं होतं.

वहिनी अंगणात आईच्या चादरी वाळत घालत होती.

"वहिनी, तुमची आई पडली आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

तिचे हात थांबले नाहीत. "त्यानं केला व्हय फोन? सांगितलं हुतं नगं म्हनून."

"अहो, ती उचल नव्हती!"

"मग काय हुतं?"

"तुमच्या कामाचा मोबदला."

"काम झाल्यावर देत्यात तो मोबदला. कामाच्या आधी देत्यात ती उचल. माझ्या बापानं हयातभर घेतली, मला नका शिकवू."

"बरं, मग भेट समजा."

"भेट? मग पाडवा कशाला घातला मधी?"

"तुम्ही विचारलंत म्हणून!"

"इचारनारच की. उचल घेताना समदेच इचारत्यात, कुठवर."

"वहिनी, हक्क आहे तो तुमचा."

आता मात्र तिने चादर सोडली आणि कमरेवर हात ठेवले. "वन्सं, तुमचं पत्रक मी वाचलंय. चांगलं लिवलंय. मोल द्या, मान द्या, खात्यात द्या. सुट्टीचं कुठं लिवलंय त्यात?"

माझं पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. सुट्टीचं खरंच कुठे लिहिलं नव्हतं. मागण्या लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जी बाई होती तिला माहेर नव्हतं, तिला आई नव्हती, तिला आमच्या आईशिवाय कुणीच नव्हतं. अशीच ती मला सोयीची होती.

"आणि ते पैसे आता माझ्याजवळ न्हाईत," ती म्हणाली. "आईला दिले. म्हनलं, बापाच्या मागं भावाच्या टोळीत मोळ्या वाहती, यंदा नगं जाऊ, घरी बस. ती बसली घरी. अन् घरीच पडली." ती एकदम हसली, डोळे भरलेले असताना. "फडात पडली असती तर मुकादमाला शिव्या तरी घातल्या असत्या. आता कुनाला घालू?"

"मला घाला."

"तुमाला घालून ती उठून बसनार हाय का?"

खोलीच्या दारातून आईचा पलंग दिसत होता. आई आमच्याकडेच बघत होती. तिला सगळं समजतं, फक्त उत्तर देता येत नाही, हे आम्ही दोघीही त्या क्षणी विसरलो होतो.

तेवढ्यात दादाची गाडी आली. तो आत येऊन घटाघटा पाणी प्यायला आणि आमच्या तोंडांकडे बघून म्हणाला, "काय झालं?"

"काय न्हाई," वहिनी म्हणाली. "मालकीनबाई आल्यात, हजेरी घ्यायला."

दादाला तिच्या आईचं माहीत होतं. त्याने मान खाली घातली. तो म्हणाला, "मी म्हनलं हुतं जा. तीच म्हनली, पैसे घेतल्यात." मग थोड्या वेळाने, "अन् ती गेली तर आईचं कोन करनार, म्हनून मी बी लई जोर न्हाई लावला." दादा फारसं खोटं बोलत नाही. त्याचं ते खरं बोलणं ऐकून मला त्याचा राग आला, आणि माझं स्वतःचं तेवढंही खरं बोलून झालं नव्हतं.

वहिनी पायरीवर बसली. "टोळीत कुनी आजारी पडलं तर घरचं मानूस बदली येतं," ती म्हणाली. "बदली दिली का उचल मोडत न्हाई. मी तर कवाच गेले असते. पन हितं बदली कोन हाय?"

"मी," मी म्हणाले.

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी? तुमाला धड भाकर थापाया येत न्हाई."

"शिकेन."

"मला कशाला सांगता? आत्याबाईंना इचारा."

मी आत जाऊन आईच्या पलंगाशी उभी राहिले. सभांमधून इतकं बोलते, पण तिला नेमकं काय विचारायचं ते मला सुचेना. वहिनी मागून आली. आईने तिच्याकडे बघितलं, डाव्या हाताने तिचा हात धरला आणि म्हणाली, "जा." तो शब्द तिला स्पष्ट येतो. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग नजर छताकडे नेली.

सकाळी उजाडताच दादाने वहिनीला गाडीत बसवून शेवगावला नेलं. मी मालकाला फोन करून बिनपगारी रजा मागितली. तो म्हणाला, "लग्नसराई तोंडावर आलीय. आईच आहे म्हणून हो म्हणतो." आईच आहे म्हणून. वहिनीला तिची आई आहे म्हणून कुणी हो म्हटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी आईला साफ करायला घेतलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. वहिनीसमोर ती असं करत नसे. माझ्यापासून ती लाजत होती, की मला वाचवत होती, ते मला अजून कळलेलं नाही. मी तिला कुशीवर घ्यायचे तर ती माझ्या अंगावर यायची. तिला पेज भरवायचे तर घाई व्हायची आणि तिला ठसका लागायचा. दाराची कडी वाजली की ती विचारायची, "आली?" मी म्हणायचे, "नाही, मी आहे." त्यावर ती पुन्हा छताकडे बघायची.

चादरी धुवायचं काम मी दादाला दिलं. भांडूनच दिलं. तो उजाडायच्या आत हौदावर जायचा, कुणी बघू नये म्हणून. तरी काकूने बघितलंच. "बायकू माहेरी गेली अन् परीट आला व्हय रं घरात?" असं म्हणाली. दादा पिळता पिळता ओरडला, "व्हय! तुमच्या बी आना!" आत आईला ते ऐकू गेलं आणि ती हसली. त्या महिन्यात आई माझ्यासमोर हसली ती तेवढीच.

एकदा औषधांच्या वेळा विचारायला मी वहिनीला फोन केला. तिच्या आईने वॉकर धरून दोन पावलं टाकल्याचं ती सांगत होती. आवाज मोकळा वाटत होता. मी विचारलं, "वहिनी, तिथे एवढं करता, त्याचं तुम्हाला कोण देतं?" मला काय ऐकायचं होतं कोण जाणे.

"कोन देनार? माझी आई हाय."

"आणि इथे?"

"तिथं बी आधी तसंच हुतं, वन्सं."

मग तीच पुढे बोलली, सावकाश. "पैसे दिले ते तुमी वाईट न्हाई केलं. मला लागत हुते. पन दिले अन् तुमी याया कमी झाला. हे बी हात लावायचे थांबले. समद्यांना वाटलं, पगारी मानूस हाय, बघंल. आधी मी दमले म्हनायची तर कुनी तरी ऐकायचं. पैसे घेतल्यावर दमायची बी चोरी झाली."

मी फोन ठेवला. आईची औषधाची वेळ टळून गेली होती.

मी अजूनही म्हणते की सांभाळणाऱ्या माणसाला पैसे मिळाले पाहिजेत, सरकारने दिले पाहिजेत, तिच्या नावाने आणि दर महिन्याला. 'माझी आई हाय' या तीन शब्दांवर आपल्या देशातली घरं फुकट चालतात, आणि जे लोक मायेला मोल नसतं म्हणतात ते बहुतेक त्या मायेची गोधडी धूत नसतात. यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण मी जे दिलं ते मोल नव्हतं. मी पैसे देऊन आईपासची माझी जागा दुसरीला दिली, आणि जिने ती घेतली तिला उठायची बंदी घातली. मुकादम निदान स्वतःला मुकादम म्हणवतो.

पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. तिची आई वॉकरवर संडासापर्यंत जायला लागली, भावकीतली म्हातारी रात्री सोबतीला निजायला तयार झाली, तेव्हा वहिनी परत आली. पिशवी ठेवून, पाय धुवून ती थेट आईपाशी गेली. आईने तिचा पदर धरला तो सोडेचना. वहिनीने तिला कुशीवर घेतलं, पाठ बघितली. माकडहाडाजवळची जखम भरली होती. मी मनातून सुखावले. मग तिने आईचे पाय उचलून बघितले. डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग होता. पाय मी कधी उचलून बघितलेच नव्हते.

तिने अंगठा हलकेच दाबून बघितला. मी दाराशी उभी होते. आता ती म्हणेल, अशी मी वाट बघत होते. माझेच दोन शब्द मला परत मिळतील, आणि ते मिळाले तर थोडं हलकं वाटेल.

जुन्या लुगड्याची घडी करून तिने टाचेखाली ठेवली आणि म्हणाली, "चहा टाका वन्सं, गाडीत लई दमले." 

मी चहा टाकला.

तीन आठवड्यांनी पाडवा आला. गुढी उभारून झाल्यावर मी म्हणाले, "वहिनी, झाला पाडवा." ती हिशेबाची पक्की. म्हणाली, "पाच आठवड्यांचे खाडे हायत माझे. ते भरून देते."

"बदली दिली होती ना तुम्ही?"

"बदलीनं सांभाळलेल्या टाचा बघितल्या मी," ती म्हणाली आणि हसली. त्याबद्दल ती बोलली ते एवढंच.

मी वाद घातला. कांद्याची काढणी सुरू झाली होती, तिची जुनी टोळी रोज दारावरून जायची, बायका हाका मारायच्या, "येती का गं?" ती दारातून म्हणायची, "माझी फिटली न्हाई अजून." माझ्यासमोर म्हणायची. मी शनिवारी संध्याकाळी यायला लागले होते, रविवारी आईचं सगळं मीच करायचे. तरी तिने रविवारची टोळीही धरली नाही. उधारीतला दिवस आपला नसतो, असं तिचं म्हणणं.

वैशाखात, काढणी संपत आली असताना, एका रविवारी सकाळी ती आतून आली ती डोक्याला फडकं बांधूनच. हातात विळा.

"वन्सं, काल फिटली बरं का."

"मग आता?"

"आता काय? चालले."

ती गेली. वेशीपर्यंत तिचा आवाज ऐकू येत राहिला, मग बायकांच्या हसण्यात मिसळला. मी आईला पुसून घेतलं, टाचा बघितल्या, पेज भरवली. या वेळी सावकाश. दुपारी कडी वाजली तेव्हा आईने विचारलं, "आली?" मी म्हणाले, "संध्याकाळी येईल. कामाला गेलीय." आईने डोळे मिटले.

दिवेलागणीला वहिनी आली, उन्हाने काळवंडलेली, ओटीत चार कांदे. दिवसाची मजुरी तिने फळीवर डब्याखाली सरकवली. त्याच फळीवर मी पाडव्यानंतरच्या महिन्याचे पैसे ठेवले होते. महिना भरल्यावर, 'कुठवर' असं काही न म्हणता. तिने ते बघितले. हात लावला नाही.

"वहिनी, ते तुमचे आहेत."

"बघू," ती म्हणाली. "पुढल्या रविवारी येताय ना?"

"येते."

"आल्यावर बघू."

आणि हात धुवून ती आईपाशी गेली. मी पिशवी उचलली. सुप्याची शेवटची गाडी गाठायची होती.